शमुवेल पैलवानावरची पहिली आरोळी

हे मी गावाकडं बायकोलाही सांगितलेलं नाही. हिंगोलीला आईशी फोनवर बोलताना कितीदा तोंडाशी आलं, आणि मी म्हशीचं विचारून मोकळा झालो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असता तर नसतं सांगितलं.

शमुवेल पैलवान गेले. शिरूरच्या नाक्यावर हा एवढा मोठा फ्लेक्स लागलाय. खांद्यावर गदा, डोक्याला फेटा, 'मैदानाचा वाघ हरपला' आणि खाली रांगेनं दुःख झालेल्यांचे फोटो — गॉगल लावून! यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो. एकानं त्या दिवशी आखाड्यात चप्पल भिरकावली होती. दुसऱ्यानं ढेकूळ. आता स्टेटसला रडका चेहरा टाकतात. हा वाघ इतकी वर्षं सणसवाडीत एका गोडाऊनच्या गेटवर खुर्ची टाकून बसत होता, तेव्हा कुठं होतात रे तुम्ही? एकानं तरी गाडीची काच खाली करून हाक मारली?

पण थांबा. मी दुसऱ्यांवर घसरतोय. ते मला सोपं जातं.

आठवीतून शाळा सोडून मी इकडं आलो, कंपनीत पॅकिंगला लागलो. शिरूरला तालमीमागं खोली मिळाली, ती मामांमुळं. मामा म्हणजे शमुवेल पैलवानच, सगळी तालीम त्यांना मामा म्हणायची. आल्या आल्या मला टायफॉईड झाला, तर या माणसानं मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. सुशीलामामी तेव्हापासून डबा पाठवायला लागली. भाकरी, कालवण, रविवारी चर्चहून आल्यावर रस्सा. मी कोण होतो त्यांचा? कुणी नाही. बदल्यात मी मामांची मालिश करायचो, एवढंच.

आता मालिशचं सांगायला पाहिजे. आमच्या तालमीचा एक रिवाज — दुखणं पैलवानानं स्वतः बोलायचं नाही. कुस्तीआधी बोललं तर समोरचा नेमका तिथंच हात घालतो. हरल्यावर बोललं तर लोक म्हणतात, रडतोय. त्याच्या वतीनं बोलायचं ते मालिश करणाऱ्यानं. त्याचं मग मैदान ऐकतं, कारण त्याच्या हाताला ठाऊक असतं.

माझ्या हाताला ठाऊक होतं. भांडगावच्या पुढं एका गावची जत्रा, शेवटची निकाली कुस्ती मामांची. सकाळी तेल लावायला बसलो तर डावा हात कानाच्या वर जाईना. बोटांखाली खांदा करकरत होता. मी म्हणालो, "मामा, नका लढू."

"पंचान्ला शबुद दिलाय. तू चोळ."

मी चोळलं. आणि कुस्तीच्या वेळी मी कुठं होतो? मालिशवाल्याची जागा आखाड्याच्या कडेला. मी वर, लोकांत बसलो होतो. आमचा सुपरवायझर त्याच गावचा. त्यानं हाक मारली, "ये की रं हिंगोली, हितं बस." मी कंत्राटी माणूस, माझा गेटपास त्याच्या मर्जीवर. बोलावलं म्हणून गेलो. त्याच्या शेजारी बसताना बरंही वाटलं — हे का लपवू?

मामांनी समोरच्या पोराला खाली घेतलं, मागून कब्जा घेतला. हलगी कडाडत होती. आता नुसता फिरवायचा उशीर. आणि डावा हात सुटला. पोरगं गर्रकन वळलं, आणि मामा पाठीवर, तोंड आभाळाकडं. हलगी थांबली.

सुपरवायझर माझ्याकडं वळून हसला. "काय रं, तुझा मामा इकला गेला व्हय? तुलाबी वाटा आसंल की!"

भोवतीची सगळी तोंडं माझ्याकडं फिरली. एका वाक्याचं काम होतं — त्यांचा खांदा गेलाय. ते वाक्य बोलायचा हक्क त्या अख्ख्या मैदानात माझा एकट्याचा. मी उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला. आणि ओरडलो —

"नुरा! नुरा कुस्ती!"

नुरा म्हणजे आधी ठरवून हरलेली. आईवरून दिलेली शिवी पैलवान पचवतो, ही नाही पचवत. माझ्या आधी कुणीही ओरडलं नव्हतं. माझ्यानंतर सगळे ओरडले. मग चपला, मग ढेकळं. मामा उठून बसले आणि त्यांनी बरोबर आमच्याच कोपऱ्याकडं बघितलं. माझा मराठवाडी हेल त्यांनी ओळखला असेल का? — काय विचारतोय मी! रोज त्यांच्याच पाठीशी बसून बोलायचो.

दुसऱ्या दिवशी डबा आला. नेहमीसारखा. मामा एका शब्दानं बोलले नाहीत. पुन्हा मैदानात उतरले नाहीत, त्यामुळं तेलाला पुन्हा हाक नाही आली. त्याच वर्षी सुपरवायझरनं माझं नाव पुढं पाठवलं, मी कायम झालो. पुढं तो दुसरीकडं गेला. मी मात्र त्याच खोलीत राहिलो, मामीचा डबाही येत राहिला.

मामांना माती द्यायला तालमीतली लाल माती पोत्यातून नेली होती. सगळ्यांनी मूठमूठ टाकली. मीही. परत येताना फ्लेक्सवरचा एकजण दात ओठ खात म्हणाला, "त्या दिशी पयलं कोण बोंबाललं, त्यो घावला पायजे एकदा." मी म्हणालो, "व्हय. घावलाच पायजे." इतक्या सहज म्हणालो!

आणि परवा तालमीत शोकसभा झाली. भाषणं झाली, वाघ झाला, सिंह झाला. नुऱ्याचं नाव कुणी काढलं नाही, पण ते तिथंच बसलं होतं, सगळ्यांच्या मधोमध. शेवटी मामी उठली. कधी चार लोकांत न बोललेली बाई. माझ्याकडं हात करून म्हणाली, "त्येल ह्योच लावायचा. सांग रं लेकरा, खांदा गेला व्हता का न्हाई त्यांचा?"

सगळी तोंडं माझ्याकडं फिरली. अगदी त्या दिवसासारखी.

खांदा गेला होता म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग तवा का न्हाई बोललास? मी उभा राहिलो. म्हणालो, "मामा लई मोठा माणूस होता," आणि रडलो. खरं रडू होतं ते, याचीच जास्त चीड येते. लोकांनी पाठीवर हात फिरवला. मामी थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, मग खाली बसली.

काल दुपारी डबा आला. वांग्याचं कालवण होतं. मी खाल्लं.