तिच्या युक्त्यांची वही

हेडफोनच्या जुन्या स्पंजचा वास आला ना, की मले अमरावतीचं ते एसीचं ऑफिस अन् शेजारी बसणारी माही मैत्रीण आठवते. आमी परदेशातल्या दवाखान्यांचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचो. ती अंजनगावची, सगळ्यात फास्ट! नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढणार नाही, असं तिच्या बाबांनी कबूल केलं होतं. एक दिवस साहेब म्हणाले, दुसऱ्या देशातल्या नव्या टीमले व्हिडिओवर काम शिकवा. आमाले वाटलं, आपण तं मास्तरीणच झालो! तिच्याजवळ सोताच्या युक्त्यांची वही होती, ती दाखवाले कचरत होती. मीच म्हटलं, "काहून लपवून राहिली वं? आपलेच ज्युनिअर आहेत ना!" मंग तिनं पानन् पान समजावलं. शेवटच्या दिवशी तिकडची पोरगी इंग्रजीत म्हणाली, "थँक्यू मॅडम! सोमवारपासून हे काम आमच्याकडे. तुम्हाला आता कोणतं देणार?" माही मैत्रीण माह्याकडे वळली. "बाबाले काय सांगू वं आता?" आमची नोकरी गेली, अन् दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. हळदीच्या अंगानं तिनं मले हळूच विचारलं, "पण शिकवलं चांगलं होतं ना मी?" लय चांगलं शिकवलं होतं बाई. थोडं वाईट शिकवू दिलं असतं मी तं बरं झालं असतं, असं आजही वाटते.