आंबेरकरांनी सुचवलेलं संगीत

पंढरीनाथ आंबेरकरांची सगळी नोकरी भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात झाली. तिथं दिवसभर पत्रा कापायचा आणि पॉलिशचा एवढा आवाज, की माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलायची. संध्याकाळी जवळच्याच गोडदेव गावातल्या घरी आले की आंबेरकर हातपाय धुऊन आधी रेकॉर्ड लावायचे. "दिवसभराचा कचरा साठतो कानात. तो काढायला नको?" म्हणायचे.

रत्नागिरीहून आले तेव्हा गावच्या भजनापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. जे कळलं ते भंगाराच्या दुकानात. मुंबईतली जुनी मोठी घरं मोकळी झाली की तिथल्या रेकॉर्डी पोत्यांतून इकडे यायच्या, आणि आंबेरकर त्या पोत्यांत ख्याल शोधत बसायचे. एकदा बिहाग रागाच्या एका रेकॉर्डीपायी त्यांना परदेशी रेकॉर्डींचा अख्खा गठ्ठा उचलावा लागला, कारण भंगारवाला सुटी द्यायला तयार नव्हता. घरी येऊन लावल्या तर कुठे ऑर्गन, कुठे एकटंच व्हायोलिन. काही उलगडा होईना. कारखान्यातला उत्तनचा एक कामगार म्हणाला, "आमच्या गावात आल्बर्ट हाय, चर्चमदी ऑर्गन वाजवतो. त्याला इचारा."

आंबेरकर गठ्ठा घेऊन उत्तनला गेले. आल्बर्टनं एकेक रेकॉर्ड हातात घेऊन पाहिली आणि लहान मुलासारखा खूश झाला. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक संगीत होतं ते. तो सांगायला लागला, "यात ऑर्गनवाल्याला खालचा सूर तेवढा कागदावर लिवलेला असतो. वरचं वाजवणारा आपल्या मनानं भरतो."

"म्हणजे आमच्या गवयासारखंच की! बंदिश दोन ओळींची, बाकी सगळं तिथल्या तिथं."

तेवढ्यावर दोघांची दोस्ती झाली. आल्बर्टची बायको ज्युलियाना हिनं त्या दिवशी आंबेरकरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढे मोबाइल आले आणि आम्हा रेकॉर्डी जमवणाऱ्यांचा एक ग्रुप झाला. मीरा रोड, भाईंदर, वसई, अशी इथलीच माणसं. कुणी काय ऐकावं हे ग्रुपवर सगळेच सांगतात. पण आंबेरकरांची रीत निराळी. ते आधी माणसाची चौकशी करायचे. झोप कशी लागते, शेजारी तक्रार करतात का, घरात कोण आजारी आहे. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा मी त्यांच्याकडे दरबारी मागितला होता. ते म्हणाले, "आत्ता नको. तिथून थकून येताय, जड होईल. सतारीवरचा एक बिहाग देतो. नुसता आलाप ऐका, लय वाढली की बंद करा." मी तसंच केलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

अशा माणसाचा अंदाज चुकला तो नेमका आल्बर्टच्या बाबतीत.

गेल्या वर्षी ज्युलियाना गेली. आजार थोडक्या दिवसांचा, पण आल्बर्ट पार मिटून गेला. चर्चमधला ऑर्गन त्यानं दुसऱ्याकडे सोपवला, ग्रुपवर लिहायचं थांबवलं, रेकॉर्ड लावायचंही थांबवलं. आंबेरकर त्याच्यासाठी जुन्या चर्चच्या शोकगीतांची रेकॉर्ड घेऊन गेले. "ठेव तिथं," आल्बर्ट म्हणाला. नंतर चेलोची, म्हणजे खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनची, एक अगदी संथ रेकॉर्ड नेली. तीही तिथंच राहिली. मग उदासवाणा मारवा राग नेला, तेव्हा मात्र आल्बर्टनं मान वर केली.

"पंढरी, रडाया मला रेकॉर्ड लागत न्हाय रे."

आंबेरकर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. त्यांच्या पत्नी, शेवंतीवहिनी, कुळीथ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताट केलं. आंबेरकरांनी दोन घास खाल्ले आणि झालेलं सगळं सांगितलं. वहिनी नेहमी ऐकून घ्यायच्या आणि उठायच्या. त्या दिवशी उठल्या नाहीत.

"तुम्ही त्यांना सगळं दुखवट्याचंच देताय," त्या म्हणाल्या. "ज्युलियानाबाई आपल्याकडे आल्या होत्या तेव्हा कशाला एवढ्या हसल्या होत्या? हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या."

आंबेरकरांना आठवेना. वहिनींनी आठवण करून दिली. कुणाच्या तरी घरी झालेल्या मैफिलीची ती कॅसेट होती, गाणाऱ्या बाईंचं नावसुद्धा त्यावर नव्हतं. बाई सुंदर गात होत्या. एक लांबलचक तान घेऊन त्या समेवर आल्या, तर तबलजी भलतीकडेच. बाईंनी गाणं न थांबवता, त्याच रागात, त्याच लयीत त्याला आळवलं, "या हो, वाट पाहतेय मी!" सगळी बैठक हसली, तबलजी हसला, शेवटी बाईंनाही गाणं सोडून हसावं लागलं. ज्युलियानाला रागातलं काही कळत नव्हतं, पण तेवढा तुकडा तिनं पुन्हा पुन्हा लावायला लावला होता.

"ती टेप?" आंबेरकर म्हणाले. "अगं, त्यात चूक आहे. मी ती कुणाला ऐक म्हणून सांगत नाही. आणि त्याची बायको गेलीय, मी हसायची टेप घेऊन जाऊ?"

"तुम्हाला जड जात असेल तर मी येते बरोबर."

इतक्या वर्षांत वहिनी रेकॉर्डींच्या कामासाठी कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या. रविवारी दोघं रिक्षानं स्टेशनला गेली, पूल ओलांडून पश्चिमेला उतरली आणि उत्तनची बस धरली. आंबेरकरांच्या पिशवीत कॅसेट, वहिनींच्या पिशवीत डब्यातली कुळथाची पिठी. बसमध्ये आंबेरकर दोनदा म्हणाले, "नको वाटतंय मला." वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आल्बर्ट ओट्यावर बसला होता. समोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. वहिनींना पाहून तो गडबडून उठला, खुर्ची पुसायला लागला. चहा झाला. मग वहिनीच म्हणाल्या, "आल्बर्टभाऊ, एक टेप आणलीय. नको वाटलं तर लगेच बंद करू."

जुना टेपरेकॉर्डर चालू झाला. आल्बर्ट डोळे मिटून बसला होता, त्याला ऐकायचं होतं की नाही तेही कळत नव्हतं. तान सुरू झाली, लांबत गेली, आणि बाईंची ती हाक आली. आल्बर्टचे डोळे उघडले.

"हेच. हेच ते! घरी आल्यावर आठ दिवस मला म्हणत होती. मी जेवाया यायला उशीर केला का दारातून गायची, या हो, वाट पाहतेय मी..."

तो हसला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले आणि मग तो रडला, तोंड न झाकता. आंबेरकर टेप बंद करायला उठले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला. तुकडा संपला, गाणं पुढे चालू राहिलं.

"परत लाव," आल्बर्ट म्हणाला.

त्या दुपारी तो ज्युलियानाबद्दल खूप बोलला. मग उठून कपाटाशी गेला, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि वळून म्हणाला, "वैनी, तुमाला काय आवडतं? माज्याकडलं काय तरी न्या."

 आंबेरकर नंतर मला सांगत होते, "अहो, साधा प्रश्न होता. जगाला विचारत आलो मी. हिलाच विचारायचा राहिला."

"यांच्याकडे एक आहे," वहिनी म्हणाल्या. "एकट्या व्हायोलिनची. हे नेहमी तिची एकच बाजू लावतात. पलीकडे काय आहे ते ऐकावंसं वाटतं मला."

 परतीच्या बसमध्ये आंबेरकरांनी वहिनींची पिशवी स्वतःकडे घेतली आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आणखी काय आवडतं? काय अजिबात नको वाटतं? वहिनी आधी लाजल्या, मग सांगायला लागल्या. मोठ्यानं गाणारे एक बुवा त्यांना मुळीच सोसत नव्हते. सरोद आवडायचा, पण पोळ्या करताना नको, हात थांबतो.

घरी आल्यावर दिवा लावून झाला आणि आंबेरकरांनी व्हायोलिनची ती रेकॉर्ड काढली, पलटली, सुई ठेवली आणि वहिनींच्या शेजारी जमिनीवर बसले. वहिनींनी पूर्ण बाजू ऐकली.

"कशी वाटली?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "एवढी काही नाही आवडली. पहिलीच बरी."

एरवी आंबेरकरांनी ती बाजू कशी थोर आहे हे समजावून सांगितलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "का गं?"

वहिनी म्हणाल्या, "पहिलीत तो वाजवणारा मधेच थांबतो, श्वास घेतो, तो ऐकू येतो. यात नाही येत." आंबेरकरांनी उठून पहिली बाजू लावली, आणि वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या बाजूत तो श्वास त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

काही दिवसांनी आल्बर्टनं ग्रुपवर पुन्हा लिहिलं. नाव नसलेल्या त्या बाईंची टेप सगळ्यांनी ऐकावी, असा त्याचा निरोप होता. आता तो नाताळच्या तयारीला चर्चमध्ये ऑर्गनवर परत बसतो, रोज नाही, पण बसतो. आणि आंबेरकरांना काही विचारायला फोन केला की ते पूर्वीसारखी सगळी चौकशी करतात, मग म्हणतात, "जरा थांबा हं, हिला विचारतो."