खुर्चीवर राहिलेला कोट

राजुऱ्याचे युसुफभाऊ शिंपी. माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण त्यांचं. वकिलीच्या शिक्षणाची वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर काढली. पास झालो तेव्हा काळा कोट त्यांनीच शिवला. माप घेताना म्हणाले, "हात वर कर, वकीलसाब. पुढं लय वेळा करा लागन."

तो कोट फर्मच्या साहेबांनी मला मोहर्लीच्या रिसॉर्टमध्ये काढायला लावला.

"काढ तो. बाईंना तू त्यांच्यातलाच वाटला पाहिजेस."

बाई म्हणजे माझी आत्या. तिनं पाहावा म्हणूनच मी कोट घातला होता.

मी मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये ज्युनिअर. काम परदेशी कंपन्यांच्या भांडणांचं. निवाडा कोर्टात नाही, सिंगापूरच्या लवादापुढे. या वेळी आमचं अशील होती आमच्याच जंगलातली खाण. माल वेळेवर पोचला नाही म्हणून परदेशी खरेदीदारानं दावा लावलेला. आमचा बचाव असा, की गावानं आधी खाणीच्या रस्त्याला होकार दिला आणि मग अचानक तो अडवला. त्यासाठी गावातल्या जाणत्या माणसाची साक्ष हवी होती. साहेबांनी आत्याला जीपनं आणवलं. गोंडी समजणारा मी एकटा.

कोट खुर्चीवर टाकून आत्याशेजारी बसलो. ती हळूच गोंडीत म्हणाली, "काऊन काढला रं? तुया नाई काय तो?"



साहेबांनी विचारलं, "गावसभेत रस्त्याला कुणी नाही म्हणालं?"

मी गोंडीत विचारलं. आत्या म्हणाली, "कोणी नाई. सारे चूप बसले."

साहेबांनी लिहून घेतलं: कुणाचीही हरकत नव्हती.

आमच्या गावात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मान्य असेल तर एकेक जण उठून हो म्हणतो. सगळे चूप बसले म्हणजे नकार. मी हे साहेबांना सांगितलं.

ते हसले. "तुमच्या जंगलातली रीत सिंगापूरला शिकवतोस? तुला डिग्री बघून नाही घेतलं. भाषांतर बरोबर आहे म्हणून खाली सही कर."

त्या सहीनं आख्खं गाव परक्या देशात खोटारडं ठरणार होतं. आत्याचा अंगठा शाईनं निळा झालेला. ती माझ्याकडं बघत होती. मी दाखवीन तिथं उमटवणार होती.

मी तिचा अंगठा माझ्या पांढऱ्या शर्टाला पुसला.

"सही करणार नाही," म्हणालो.

नोकरी तिथंच गेली. जीपही मिळाली नाही. बसची वाट पाहताना आत्यानं विचारलं, "तू खाणवाल्यायचा वकील होतास?"

हो म्हणालो.

ती चूप झाली. घरापर्यंत चूप. तिच्या चूप बसण्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता.

मग युसुफभाऊंना पत्र लिहिलं.

"युसुफभाऊ, सलाम. कोट मोहर्लीला खुर्चीवर राहिला. आणायला गेलो नाही. त्या दाव्यात गावाकडून उभं राहता येणार नाही, मी खाणीचा वकील होतो, नियम आहे. पण जंगलाचे दुसरे दावे आहेत. गडचिरोलीच्या कोर्टात बसणार आहे. दुसरा कोट शिवा, माप तेच. आत्या अजून बोलत नाही. कधीच बोलली नाही, तरी नवा कोट कुणाच्या सांगण्यावरून उतरणार नाही."