साहेबांचा कार अलाउन्स

ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या सोलापूर ऑफिसात मी चौदा वर्षं सगळ्यांच्या पगाराचा हिशोब आणि स्लिपा करायचं काम केलं. त्यातली शेवटची तीन वर्षं एका माणसावरच्या रागात गेली. तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

तो माणूस म्हणजे आमचे विक्री अधिकारी. पुण्याहून बदलून आलेले. सांगोला, टेंभुर्णी, माळशिरस हा सगळा पट्टा त्यांच्याकडे. राहणी टापटीप, बोलणं गोड, पण ते फक्त वरच्यांशी. माझं माहेर अक्कलकोटकडचं. घरात कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे माझ्या बोलण्यात हेल येतो, ‘की’ येतो, ‘लई’ येतं. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी त्यांनी चारचौघांत माझी नक्कल केली. “स्लिपा तयार हायेत की वो सर!” सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी मुख्य ऑफिसातून एक फॉर्म आला. तोवर अधिकाऱ्यांना फिरतीचे पैसे किलोमीटरप्रमाणे, बिलं दाखवून मिळायचे. ते पगारात धरत नसत, म्हणून त्यावर करही नव्हता. आता ते बंद होणार होतं. त्याऐवजी दोनच वाटा होत्या. एक, कंपनीच्या नावावरची गाडी, डिझेलसकट. तिच्यापोटी करासाठी उत्पन्नात अगदी थोडी रक्कम धरली जायची. दुसरी, गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची आणि दरमहा पंचवीस हजार कार अलाउन्स पगारातून उचलायचा. हे पंचवीस हजार सगळेच्या सगळे पगार म्हणून धरले जाणार होते. साहेब कराच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात होते, म्हणजे त्यातले आठेक हजार करातच जाणार.

साहेबांनी माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच दुसऱ्या चौकटीत खूण केली.

“सर, सही करायच्या आधी एक सांगू का?” मी म्हणाले. “हे पंचवीस पूर्ण हातात येणार न्हाईत...”

“न्हाईत?” त्यांनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही स्लिपा छापा की वो. गाडीचं मी बघतो.”

पुन्हा तेच हसू. या वेळी मी हसले नाही.

दुपारी मी सगळा हिशोब मांडून त्यांना एक मेल लिहिला. पाठवायचाच बाकी होता. तेवढ्यात त्यांच्या केबिनमधून कुणाला तरी फोनवर सांगताना आवाज आला, “आमच्या पगारवाल्या बाई मला टॅक्स शिकवतायत!” मी मेल पुसून टाकला. विसरले नाही, राहून गेला नाही, पुसला.

गाडी आली. पेढे वाटले गेले. माझ्या टेबलावर पेढा ठेवताना ते म्हणाले, “घ्या, कंपनीच्या पैशाची गाडी.” गाडीच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता एकोणीस हजारांचा होता. मी पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला.

महिनाअखेरीला स्लिपा गेल्या आणि दहा मिनिटांत ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी कागद टेबलावर आपटला.

“टीडीएस एवढा कसा वाढला? आणि फिरतीचे पैसे कुठे आहेत?”

“फिरतीचे बंद झाले, सर. फॉर्मवर लिहिलं होतं.”

“म्हणजे अलाउन्स घेऊन मी तोट्यात?”

मी पेन घेतलं आणि त्यांच्याच स्लिपेवर एकेक ओळ दाखवत गेले. हे पंचवीस वाढले. यातले हे आठ करात गेले. पूर्वी बिलांवर मिळणारे चौदा हजार गेले. उरले तीन. त्यातून हप्ता एकोणीस आणि वर डिझेल तुमचं. मी मुद्दाम सावकाश बोलत होते, लहान मुलाला सांगावं तशी. सगळं ऑफिस ऐकत होतं आणि ते ऐकतंय हे मला बरं वाटत होतं.

“तुम्हाला हे माहीत होतं,” ते म्हणाले.

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तोंड उघडलं होतं, सर. तुम्ही स्लिपा छापायला सांगितल्या.”

त्यांनी मुख्य ऑफिसला तक्रार केली. वर्ष संपेपर्यंत पर्याय बदलता येणार नाही, असं त्यांना उत्तर आलं. मला मेमो आला: कर्मचाऱ्याला योग्य माहिती दिली नाही. शाखाप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. “तुमचं म्हणणं खरं असेल,” ते म्हणाले, “पण लेखी द्यायला हवं होतं.” पुसलेल्या मेलबद्दल मी काही बोलले नाही. मेमो फाइलला लागला. त्या वर्षी माझी पगारवाढ अडली.

त्यानंतर वर्षभर साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला काही कळवायचं असलं की शेजारच्या टेबलाला सांगायचे, मी तिथेच बसलेली असताना.

गाडीचे हप्ते चालूच होते, म्हणून एप्रिलमध्येही साहेबांनी अलाउन्सच ठेवला. त्याच महिन्यात नवा नियम आला. कामासाठी खरोखर जेवढा प्रवास झाला त्याची नोंदवही आणि बिलं दिली, तर अलाउन्सच्या तेवढ्या भागावर कर कापायचा नाही. नोंदी तपासून सही करायचं काम माझ्याकडे आलं. आता दर महिन्याला त्यांना माझ्याकडे यावंच लागायचं. मी वही ओळीओळीने वाचायची. मीटरचा आकडा नसला की परत. बिलावर तारीख पुसट असली की परत. नियमाबाहेर मी एकदाही गेले नाही, आणि नियमात जेवढी सूट देता आली असती तेवढी एकदाही दिली नाही.

एकदा वहीत रविवारची सांगोल्याची खेप दिसली. त्या रविवारी तिथे त्यांच्या मेहुण्याचं लग्न होतं. पत्रिका आमच्याच ऑफिसात वाटली होती.

“ही ओळ काढा,” मी म्हणाले.

“तिथल्या डीलरलाही भेटलो होतो मी.”

“मग डीलरचं पत्र आणा.”

 वर्षाच्या वर झाल्यावर पहिल्यांदाच ते माझ्याकडे सरळ पाहून बोलले, “तुम्हाला यात मजा येते ना?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“येती की,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याच टेबलावरचं पेन उचललं, ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मीही खाली सही केली आणि वही त्यांच्याकडे सरकवली.