एक्कावन्न नंबरचे पान

नोकरीत मुद्देमाल म्हणून मी सोने पाहिले, मोबाइल पाहिले, एकदा तर बकऱ्याही पाहिल्या. पण टेबलावर रचलेली ती जाडजूड इंग्रजी पुस्तके अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. हद्दीतल्या एका विज्ञान कॉलेजच्या ग्रंथालयातून संदर्भग्रंथ चोरीला जात होते. सूक्ष्मजंतूंवरचे, रोगप्रतिकारशक्तीवरचे, जनुक उपचारांवरचे. सगळी परदेशी छपाई. कपाटांचे कुलूप कधी तुटले नव्हते आणि चावी एकाच माणसाकडे, ग्रंथालयाच्या शिपायाकडे असायची. कॉलेजमध्ये त्याला सगळे मामा म्हणत. कांजूरमार्गच्या चाळीत राहणारा मालवणी माणूस, निवृत्तीला आलेला. प्राचार्यांनी त्याला निलंबित केले आणि आमच्याकडे लेखी संशय दिला.

आमचे फौजदार साहेब वयाने लहान आणि घाईचे. "मॅडम, चावी त्याची, चोर तो. बसवून ठेवा, संध्याकाळपर्यंत बोलेल."

मी स्वभावाने अबोल. समोरच्याला चहा द्यायचा आणि गप्प बसायचे, एवढीच माझी चौकशीची पद्धत. बहुतेक माणसांना शांतता सहन होत नाही. मामालाही झाली नाही, पण तो कबूल काही झाला नाही. उलट चिडला.

"बाईनू, चावी माझ्याकडे म्हणान चोर मी? मगे तुमच्या ठाण्याची चावी कोणाकडे आसा, ता सांगा!"

फौजदार साहेब हसले. मी नाही हसले. चोरीचा डाग घेऊन निवृत्त झालो तर चाळीत तोंड कसे दाखवू, हे मामा पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुरावा नव्हता म्हणून त्याला घरी सोडले, पण संशय कायम राहिला.

मग खबर आली. माझा एक जुना खबरी अंधेरीला रद्दीचा धंदा करायचा. त्याचा फोन आला, "ताई, इथे फुटपाथवर डॉक्टर लोकांची पुस्तकं आलीत. माल एकदम झकास, पण पहिलं पान सगळ्यांचं गायब."

पंच घेऊन आम्ही गेलो. विक्रेता म्हणाला, "हेल्मेट घालून एक जण येतो, माल टाकतो आणि निघतो. नाव कोण विचारतो, मॅडम?" पुस्तके जप्त करून ठाण्यात आणली आणि ओळख पटवायला कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमना बोलावले.

जप्त वस्तूचे वर्णन पंचनाम्यात नीट लिहावे लागते, म्हणून मी प्रत्येक पुस्तक पानापानाने उलटत होते. इंग्रजी माझे बेताचे, मजकुरातले काही कळत नव्हते. पण आकडे कळतात. पहिल्या पानाखेरीज आणखी एक पान ब्लेडने कापलेले होते, आणि प्रत्येक पुस्तकात तेच. एक्कावन्न नंबरचे.

ग्रंथपाल मॅडमनी डोक्याला हात लावला. "ते आमचं गुप्त पान. पहिलं पान कोणी फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून ग्रंथालयं आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारतात. कुठलं पान, ते फक्त आतल्या माणसांना माहीत असतं."

"घ्या!" फौजदार साहेब उठलेच. "आता तरी मामाला उचलायचं ना?"

मी पाने उलटत राहिले. जनुक उपचारांच्या एका कोऱ्या पुस्तकात त्र्याऐंशीव्या पानावर निळा शिक्का दिसला. कॉलेजचाच. आणखी दोन नव्या पुस्तकांतही तसेच. जुन्यांत मात्र कुठेच नाही.

मी विचारले, "मॅडम, हे काय?"

"अगंबाई! मी आल्यावर नव्या खरेदीसाठी पान बदललं होतं. जुनं पान फार जणांना ठाऊक झालं होतं ना."

"नवं पान कोणाला माहीत?"

"मला आणि मामांना. शिक्के तर मामाच मारतात."

मी फौजदार साहेबांकडे पाहिले. "साहेब, शिक्का जिथे मामाने स्वतः मारला, तेच पान तो ठेवेल आणि भलतंच कापेल?"

साहेब खाली बसले. चोर आतला होता, पण पान बदलण्याआधी बाहेर पडलेला. असा कोण, हे विचारताच ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "पूर्वीचा सहायक नोकरी सोडून गेला. पण तो कसला चोर? पुस्तकांचा एजंट आहे आता. नमुना प्रतींची बॅग घेऊन येतो, मामांकडून कपाटं उघडून घेऊन काय कमी आहे ते बघतो, चहा पिऊन जातो. घरचाच माणूस."

घरच्या माणसाची बॅग कोण तपासणार?

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा आम्ही साध्या कपड्यांत पंचांसह फाटकाशी उभे होतो. निघताना बॅग उघडायला लावली. आत ब्लेड आणि रोगप्रतिकारशास्त्राचा नवा ग्रंथ, पहिले आणि एक्कावन्नावे पान कापलेला.

"ही माझी नमुना प्रत आहे," तो ठणकावून म्हणाला. "पानं छपाईतच कमी आलीत. कंपनीला परत पाठवतोय."

मी त्र्याऐंशीवे पान उघडून त्याच्यापुढे धरले. शिक्का बघून त्याचा चेहरा उतरला.

"असं कसं? आपलं पान तर एक्कावन्न होतं ना!"

पंचांनी ऐकले. फौजदार साहेबांनी ऐकले. सगळ्यात उशिरा त्याने स्वतः ऐकले.

ठाण्यात मी विचारले, "कापताना शिक्का नाही, हे दिसलं नाही?"

"बघितलंच नाही, मॅडम. वर्षानुवर्षं शिक्के मारलेत. हात आपोआप त्या पानावर जातो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण उरलेली पुस्तके त्याने स्वतः नेऊन दाखवली. मरोळच्या एका गाळ्याच्या माळ्यावर, ताडपत्रीखाली. ती जप्ती टिकली आणि शिक्षाही झाली.

त्या गुन्ह्यानंतर मी एक सवय लावून घेतली. चावी कोणाकडे होती, हे सगळेच विचारतात. मी त्याच्या जोडीला विचारू लागले, की चोराला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते. माणूस जागा सोडून जातो, पण त्याच्या डोक्यातली जागा तो गेला त्या दिवशी होती तशीच राहते. पुढे दोन घरफोड्या मला त्याच प्रश्नाने उघडून दिल्या.

कोर्टाच्या आदेशाने पुस्तके परत द्यायची होती तेव्हा मामाला पुन्हा कामावर घेतलेले होते. टेम्पोत तो ड्रायव्हरशेजारी बसलाच नाही, मागे पुस्तकांत बसला. कॉलेजमध्ये मुले जिन्यावर रांगेने उभी होती. हातोहात पुस्तके वर गेली, टाळ्या वाजल्या, कोणीतरी शिट्टीही मारली. प्राचार्य सगळ्यांसमोर मामाजवळ आले आणि म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

मामाने मान वर केली. कडेवर दोन जाड ग्रंथ होते.

"सायबानू, चुकला तर चुकला. आता जरा बाजूक होवा. माका पुस्तका लावूची आसत."

आणि प्राचार्य खरेच बाजूला झाले.