अक्कांची सोनी खाईना

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. मला ते कधी पटलंच नाही, आजही पटत नाही. पण गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते... कुणाला काही उलगडलं तर सांगा.

आमचं घर चाकूरला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शेजारच्याच खोलीत राहायच्या. सोनी त्यांची मांजर. अक्कांचं दुखणं वाढलं तशी त्यांची लेक सुनंदा त्यांना नांदेडला घेऊन गेली आणि सोनी माझ्याकडं राहिली.

तेव्हापासून तिनं तोंडच बंद केलं. दूध ठेवलं, अंडं ठेवलं. माझा लेक महेश लातूरहून मांजराच्या खाण्याचं पाकीट घेऊन आला. नुसता वास घ्यायची अन् तोंड फिरवायची. दूध-भाकर कुस्करून बोटानं ओठाला लावली, तर पंजानं पुसून टाकली. हात फिरवला की हाडं लागायची.

अक्कांचा रोज फोन. आवाज खोल गेलेला, पण पहिलं विचारणं तेच, "खाल्लं का गं तिनं?"

"न्हाई अक्का."

"तुझा हात लई खरबरीत हाय. म्हणून खात नसंल."

"हाव, तुमचा तर लोण्याचा."

हसायच्या, मग खोकत राहायच्या. "एकदा आणून दाखव गं. माझ्या हातानं खाईल ती."

सोनीला जनावराच्या डॉक्टरकडं नेलं. भोवती सगळ्या म्हशी अन् बैलं. तो हसला, "मावशी, मांजर घेऊन येणाऱ्या तुम्हीच पहिल्या." पण नीट तपासलं, कातडीखाली सलाईन दिलं. मी नांदेडला न्यायचं विचारलं तर म्हणाला, "एवढ्यात हलवू नका. एसटीत, रस्त्यातच जाईल."

अक्कांना सांगितलं, "जरा सावरली की आणते."

"बरं," म्हणाल्या. पुन्हा आण म्हणाल्या नाहीत.

आणि एका सकाळी सुनंदाचा फोन आला – अक्का गेल्या.

सोनीला महेशच्या खोलीत कडी घालून ठेवलं, लेकाला म्हटलं बाहेर सोडू नको, आणि मी अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. माती तिथंच झाली. आमच्यात जिथं जीव जातो तिथं ज्वारीचं पीठ पसरतात, वर दिवा लावून टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठात कशाचे पाय उमटले ते बघायचं, म्हणजे माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे. सुनंदाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तिथं टोपलं कुठलं? वॉचमनच्या बायकोनं दिलं. मी मनात म्हटलं, मुंग्या फिरतील अन् आमच्या नणंद, आत्याबाई, चिमणी म्हणतील.

सकाळी आत्याबाईंनीच टोपलं उचललं. पिठात पावलं होती. मांजराची.

"मांजर झाली गं ही," आत्याबाई म्हणाल्या.

सुनंदा म्हणाली, "आत्या, खिडक्यासुद्धा लावलेल्या होत्या. मी इथंच पडले होते."

मी चष्मा लावून खाली वाकले. पुढच्या उजव्या पावलाला एक बोट कमी होतं. सोनीचं ते बोट लहानपणी कडबाकुट्टीच्या पात्यात गेलेलं. अक्कांनीच हळद भरून बांधलं होतं.

थोड्या वेळानं महेशचा फोन आला. "आई, सोनीनं दूध-भाकर खाल्ली. सगळी. वाटीबी चाटून राहिली."

"रात्री बाहेर गेलती का?"

"न्हाई, कडी होती. मी तिथंच झोपलो की."

मग सुनंदाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती रडली, आणि म्हणाली, "म्हणजे आई भेटली तिला, काकू."

आता सोनी चांगली खाते, अंगानंबी भरली. डॉक्टर बरोबरच म्हणाला होता, रस्त्यात गेली असती. तरी वाटतं, पाटीत फडकं घालून, मांडीवर धरून न्यायला पाहिजे होतं. त्या पावलांचं मला काही कळलेलं नाही. सुनंदा म्हणते तसं असंल, तर चांगलंच हाय. पण अक्कांचा हात सोनीच्या पाठीवरून फिरताना मला बघायचा होता, आणि मला दिसलं ते नुसतं पीठ.