पाहुणं झाड

परवा सकाळी मागच्या पडवीत खारे बांगडे धूत बसले होते. धुतलेलं पाणी तांब्यात ओतलं, सवयीने उठले... आणि एकदम मामंजी आठवले. एकटीच हसले, मग जरा डोळे भरून आले.

गोष्ट गोव्यात पोर्तुगीज होते आणि हद्द बंद होती तेव्हाची. आमच्या शेजारी फिलोमिना राहायची, शाळेत शिकवायची. माहेर गोव्यात, तसं म्हटलं तर हाकेच्या अंतरावर... पण परवाना मिळत नव्हता आणि आईचं तोंड पाहून तिला वर्षं लोटली होती.

शेवटची माहेरी गेली तेव्हा तिने आईच्या खिडकीतल्या बिगोनियाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. ती घरातच कुंडीत वाढवली. हिरव्या पानांवर चांदीचे ठिपके, आणि पान उलटं केलं की खालून लालबुंद. आईच्या घरातलं आपल्याजवळ एवढंच आहे, असं ती एकदाच म्हणाली होती. पुन्हा कधी नाही.

त्या पावसाळ्यात फिलू बाळंतपणासाठी वेंगुर्ल्याला बहिणीकडे निघाली आणि कुंडी माझ्या हातात दिली. ऊन नको, पाणी बेताचं. मी कुंडी माजघराच्या खिडकीत ठेवली.

माझे सासरे, मामंजी, म्हणजे जन्मभर मचवा हाकणारे तांडेल. पणजीपर्यंत माल घेऊन जायचे. हद्द बंद झाली, नंतर गुडघेही दुखू लागले, आणि ते पडवीत बसून जाळ्याच्या गाठी मारू लागले. झाड पाहून त्यांनी पहिलं विचारलं, फूल देवाला चालतं का? पाल्याची भाजी होते का? दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी झाडाकडे जरा दयेनेच पाहिलं...

पुढच्या काही दिवसांत झाड उतरायला लागलं. पानांच्या कडा करपल्या, खालची पानं गळाली, देठ मऊ पडला. मी पाणी कमी केलं, मग वाढवलं, कुंडी या खिडकीतून त्या खिडकीत नेली. काही उपयोग होईना. मांजर मात्र सारखं कुंडीपाशी घुटमळायचं... ते का, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रोज सकाळी उठले की आधी कुंडीकडे जायची. फिलू बाळ घेऊन येईल तेव्हा तिला काय दाखवू? वठलेली काडी?

एका दुपारी माजघरात गेले तर मामंजी खिडकीशी उभे. हातात तांब्या. बांगड्याचा वास घरभर.

आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी कुणी फेकत नाही. माडाला घालायचं, कढीपत्त्याला घालायचं. पण पावसाळ्यात ताजी मासळी कुठली? रोज खारे बांगडे, त्यांचं पाणी म्हणजे नुसतं मीठ. माडाला ते चालतं... या नाजूक जिवाला कसं चालणार?

मी त्यांचा हात धरला. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"अगो, आमी सगळे बांगडे खातंव," ते म्हणाले, "आणि पावण्याक नुसता पाणी?"

मला रागवायलाच येईना... परमुलखातून आलेलं झाड. त्यांच्या लेखी तो घरचा पाहुणा होता, आणि पाहुण्याला उपाशी ठेवणं त्यांना जमत नव्हतं. मग मी त्यांना फिलूच्या आईचं सगळं सांगितलं. ते बाकावर बसले.

थोड्या वेळाने छत्री घेऊन बाहेर पडले. दाराशी ढीगभर वाळू असते आमच्या, पण ती समुद्राची, खारी. मामंजी पार व्हाळापर्यंत, गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेले, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि पंच्यात गोड्या पाण्याची वाळू बांधून भिजत परत आले.

मी झाड उपटलं. मुळं काळी पडली होती. वरच्या दोन फांद्या तेवढ्या टणक होत्या, त्या कापल्या, करवंटीला भोक पाडून तिच्यात व्हाळाची वाळू भरली आणि त्यात खोचल्या. मग मामंजींनी आपलं जाळं उचललं आणि पडवी सोडून माजघरातच बसायला सुरुवात केली. मांजराला फिरकू देईनात. मलाही पाणी घालताना विचारायचे, "गोडा मा?"

एक दिवस तांबूस कोंब दिसला. सुपारीएवढासुद्धा नाही... पण मामंजींनी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवला.

फिलू आली तेव्हा मी करवंटी पुढे केली. मामंजीच पुढे झाले. म्हणाले, "चूक माझी गो चेडवा. मीया खारवला तेका." फिलूने बाळ माझ्याकडे दिलं, एक पान बोटाने हळूच उलटून पाहिलं. खालून लाल होतं.

"जिता आसा मा, तात्या? पुरे माका." मामंजींना ती तात्या म्हणायची.

पुढे हद्द खुली झाली आणि फिलूची आई आली. दोघी किती वेळ एकमेकींना धरून होत्या... मग म्हातारीची नजर फिलूच्या खिडकीतल्या कुंडीकडे गेली. मधल्या काळात ती आजारी पडली तेव्हाच तिच्या घरचं झाड मेलं होतं. ती जवळ गेली, म्हणाली, "हें म्हजें झाड."

परत जाताना एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर होती. आम्ही सगळे मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. मोटार सुटता सुटता मामंजी खिडकीशी गेले आणि अगदी गंभीरपणे तिला सांगितलं, "मासळीचा पाणी घालू नको हां."

आता मामंजी नाहीत. फिलूही नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून गेली, जाताना एक फांदी मला ठेवून गेली. परवाच त्या फांदीला नवं पान आलं, ठिपके अजून उमटायचे आहेत.

खाऱ्या बांगड्याचं पाणी मी माडाच्या बुंध्याशी ओतलं. मग हात स्वच्छ धुतले आणि पाहुण्याला गोडं पाणी घातलं... बेताचंच.